आपोआप

मराठी भाषेत ‘आपोआप’ इतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. दूध आपोआप उतू जातं, कपबशी आपोआप फुटते आणि शेजाऱ्याचा बांध दरवर्षी नांगरटीच्या सुमारास आपोआप हातभर आपल्या शेतात सरकतो. सरकवणारा कुणी नसतोच! बांधालाच बिचाऱ्याला एका जागी बसून अवघडल्यासारखं होतं, म्हणून तो जरा कूस बदलतो, इतकंच. आमच्या नगर जिल्ह्यातले निम्मे दिवाणी दावे या एका क्रियाविशेषणावर चालतात, असं माझे एक वकील स्नेही म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असेल; पण वकिलाच्या बोलण्यातून अतिशयोक्ती वजा केली तर फक्त फी उरते.

या शब्दाची खुबी अशी, की तो वाक्यात आला की कर्ता पसार होतो. आणि कर्ताच नाही म्हटल्यावर ‘हे कुणी केलं?’, ‘कुणाला विचारून केलं?’ हे प्रश्न विचारायचे तरी कुणाला? मला वाटतं, नीतिशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी पाप, पुण्य, मोह वगैरे मोठमोठ्या शब्दांवर जेवढी शाई खर्च केली, त्यातली चार थेंब या ‘आपोआप’वर घालायला हवी होती. मी ती घालायला बसलो, याला कारण आमचा संगणक.

आमच्याकडे एक प्रिंटर होता. कंपनीचं नाव घेत नाही. अहो, मेलेल्या माणसाबद्दलही आपण बरंच बोलतो. तो प्रिंटर यथावकाश थकला, कागद चावायला लागला, आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढून किलोच्या भावानं गेला. त्याला दोन वर्षं झाली. पण संगणक सुरू केला की रोज सकाळी कोपऱ्यात एक चौकट उघडायची आणि अत्यंत काळजीच्या सुरात सांगायची, की प्रिंटर सापडत नाही, वायर नीट बसली आहे का ते पाहा. घरधनी जाऊन दोन वर्षं झाली तरी रोज दारात पेपर टाकून जाणाऱ्या पोऱ्यासारखा हा प्रकार. शिवाय संगणकही असा रेंगाळत सुरू व्हायचा, की बटण दाबून अंघोळीला गेलं तर परत येईपर्यंत तो जेमतेम जांभया देऊन मोकळा झालेला असे.

अखेर इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला पाचारण केलं. तो आला, खुर्ची ओढून बसला, आणि वैद्य नाडी धरतात तसा माऊस धरून म्हणाला, “काका, ड्रायव्हर गेलेला नाही.”

“कुणाचा?”

“प्रिंटरचा. प्रिंटर गेला, त्याचा ड्रायव्हर अजून रोज ड्यूटीवर येतोय.”

ज्यांना हा ड्रायव्हर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा गाडीचा ड्रायव्हर नव्हे. हा मुळात तलाठी. मामलेदार कचेरीतल्या साहेबाला बांधावरची परिस्थिती कळत नाही आणि बांधावरच्या माणसाला साहेबाची भाषा कळत नाही. मधे तलाठी असतो, तो इकडचं तिकडे नेतो. संगणकाची मुख्य व्यवस्था हा साहेब. प्रिंटर, पडदा, कीबोर्ड ही रयत. प्रत्येक यंत्राचा आपापला ड्रायव्हर मधे बसून दुभाष्याचं काम करतो. आता मामलेदारांची बदली होते, रयत गाव सोडून जाते, पण तलाठ्याचं दप्तर तिथेच राहतं. आमच्या प्रिंटरचं तेच झालं होतं.

पुतण्यानं मग मला संगणकाच्या पोटातली एक वही दाखवली. विंडोजमध्ये तिला रजिस्ट्री म्हणतात. तीत प्रत्येक ड्रायव्हरच्या आणि सेवेच्या नावावर ‘स्टार्ट’ म्हणून एक आकडा मांडलेला असतो, ० ते ४. ० म्हणजे यंत्र जागं होण्याच्या अगदी पहिल्या क्षणी यायचंच. हा नसेल तर पुढचं काही वाचताच येणार नाही. १ म्हणजे त्याच्या पाठोपाठ. २ म्हणजे रोज, ठरल्याप्रमाणे, कुणी न बोलावता. ३ म्हणजे बोलावलं तरच. आणि ४ म्हणजे बोलावलं तरी नाही. मी थक्क झालो. लग्नघरातल्या नातेवाइकांची इतकी नेमकी वर्गवारी आमच्या धर्मशास्त्रालाही साधलेली नाही. प्रत्येक घरात शून्याचा एक मामा असतो, दोनाची एक आत्या असते, आणि चाराचा आकडा ज्यांच्या कपाळी मारलेला आहे असे एक चुलत चुलते असतात, ज्यांचा विषयसुद्धा काढायचा नसतो.

“आपला प्रिंटर दोनवर आहे,” पुतण्या म्हणाला.

“हा दोनाचा आकडा कुणी घातला?”

“ड्रायव्हर बसवला तेव्हा कंपनीच्याच प्रोग्रॅमनं.”

“म्हणजे पाहुण्यानंच ठरवलं, की आपण रोज यायचं?”

“असं कसं? बसवताना ‘मान्य आहे’ असं बटण दाबावं लागतं.”

“कुणी दाबलं?”

“दुकानातला जो पोरगा प्रिंटर जोडायला आला होता, त्यानं.”

इथे मात्र विषय संगणकाच्या हद्दीबाहेर गेला. घर माझं, वीज माझी, आणि संमती दुकानातल्या पोराची! तीही एका दुपारची नव्हे, आजन्म. त्या पोराचाही दोष नाही. त्याला त्या दुपारी आणखी चार घरी जायचं होतं. पण दुसऱ्यानं आपल्या वतीनं एकदा दिलेली संमती आपल्याला किती काळ बांधून ठेवू शकते, हा प्रश्न काही लहान नाही.

पुतण्यानं तो प्रोग्रॅम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर! शोध घेतल्यावर कळलं, की त्याच कंपनीनं एक दुसरा हस्तक ठरल्या वेळच्या कामांच्या यादीत पेरून ठेवला होता. त्याचं काम एकच: पहिला जागेवर आहे का ते बघायचं, आणि नसला तर आणून बसवायचं. शिवाय विंडोज स्वतः ड्रायव्हरची एकेक प्रत माळ्यावर जपून ठेवते, कधी यंत्र पुन्हा दिसलंच तर असावी म्हणून. यंत्रांच्या यादीत ‘लपलेली दाखवा’ असं म्हटलं की एके काळी जोडलेली आणि आता नसलेली सगळी यंत्रं फिकट रंगात दिसू लागतात. आमच्या संगणकात एक माऊस, दोन मोबाइल, कुणा पाहुण्याचा पेन ड्राइव्ह आणि तो प्रिंटर असे फिकट चेहऱ्यानं बसलेले पाहून मला पितृपक्षाची आठवण झाली.

कंपनीची बाजू मांडायला एक जुनी म्हण तयारच असते: मौनं संमतिलक्षणम्. तुम्ही नको म्हणाला नाहीत, म्हणजे हवंच होतं! हे वचन ज्यानं कुणी काढलं त्यानं नगरला येऊन जायला हवं होतं. इथून जवळच अरणगावापाशी मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला तोवर ते सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं! आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून, आणि १९५४ नंतर पाटीही बाजूला ठेवून नुसत्या खुणांनी, ते हो म्हणत, नको म्हणत, रागावत आणि थट्टाही करीत. मौन म्हणजे संमती असती, तर या गृहस्थांनी जगातल्या प्रत्येक गोष्टीला साडेत्रेचाळीस वर्षं होकार दिला असं म्हणावं लागेल! गप्प माणूस हो म्हणतो असं समजणं ही बोलणाऱ्याची सोय आहे. त्यात गप्प बसणाऱ्याचं मत कुठेच नसतं.

दुसरा युक्तिवाद असा, की दार उघडं होतं म्हणून आत आलो. त्यालाही उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना चौकटी असतात, पण दारं नसतात. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावायची. २०११ साली युको बँकेनं तिथे शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून देशभर गाजली. चोरीची एकही तक्रार कधी झाली नाही असं कुणी म्हणणार नाही. माणसं सगळीकडे माणसंच. पण दार नाही म्हणजे ‘या, बसा, कपाट उघडा’ असा त्याचा अर्थ शिंगणापुरात कुणी लावत नाही. उलट दार नसल्यामुळे उंबऱ्याची जबाबदारी पूर्णपणे येणाऱ्यावर पडते. संगणकाच्या जगात नेमकं उलटं झालं आहे. तिथे घरमालकानं रोज उठून कोण कोण शिरलं ते मोजायचं, आणि शिरणाऱ्यानं ‘तुम्हीच तर कडी काढली होती’ म्हणायचं.

यात नुसती पाच मिनिटं वाया जातात असं समजू नका. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या काही गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या, की गाण्याबरोबर एक प्रोग्रॅम गुपचूप आत बसायचा आणि स्वतःला यादीतूनही लपवायचा. कशाला, तर तुम्ही गाण्याच्या जास्त प्रती काढू नयेत म्हणून. मार्क रसिनोविच नावाच्या गृहस्थाला तो आपल्याच यंत्रात सापडला. सुरुवातीला कोण कोण आपोआप चालू होतं ते दाखवणारं ‘ऑटोरन्स’ हे हत्यार ज्यांनी बनवलं, त्यांपैकीच हे एक. म्हणजे चोर शिरला तो फौजदाराच्या घरात! तो उपटून काढायला गेलं तर सीडीचा खणच दिसेनासा होई. पाहुणा गेला तो जाताना खिडकी घेऊन गेला. पुढे बोभाटा झाला आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

तिथे निदान हेतू तरी खोटा होता. पण १९ जुलै २०२४ ची गोष्ट घ्या. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा राखणदार जगभरच्या संगणकांत पहाटेच्या पहिल्या रांगेत बसलेला होता. हेतू चांगला, रीतसर बोलावलेला, पैसे देऊन ठेवलेला. त्याला त्या दिवशी एक सदोष फाइल पोहोचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं निळी पडली. पुन्हा सुरू करावं तर राखणदार पुन्हा सगळ्यांच्या आधी उठणार आणि पुन्हा यंत्राला आडवं पाडणार! आपल्याकडेही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातून सुटका कशी झाली? यंत्र ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरती माणसं घेऊन सुरू करायचं, आणि ती फाइल हातानं काढायची. जो सर्वांत आधी येतो तो बिघडला, तर त्याला बाहेर काढायला त्याच्याही आधी कुणीतरी उठावं लागतं.

आता संगणकातून मान वर करतो. आपल्या डोक्यातही सकाळी जाग येताच बरीच मंडळी आपोआप हजर होतात. मातृभाषा, देव, जात, भुताची भीती, गणिताची भीती, अमक्या आडनावाची माणसं चिक्कू असतात ही पक्की खात्री. यांतल्या कुणासाठी आपण ‘मान्य आहे’चं बटण दाबलं होतं? आपल्या वतीनं कुणीतरी दाबलं. आजीनं, मास्तरांनी, गल्लीतल्या मोठ्या पोरांनी. दुकानातल्या त्या पोराप्रमाणे तेही घाईत होते आणि बहुतेकांचा हेतूही चांगलाच होता.

म्हणून सगळ्यांनाच हाकलावं काय? पुतण्या वयानुसार त्या मताचा होता. “सगळं चारवर टाकू,” म्हणाला. मी त्याला अडवलं. शून्यावरचा एखादा ड्रायव्हर असा झोकात बंद केला, तर यंत्र उठतच नाही. माणसाचंही तसंच. समोरचं पोर ठेचकाळलं की हात आपोआप पुढे जातो, तो विचारपूर्वक पुढे गेला असता तर पोर तोवर पडलंच असतं. मोजून घेतलेले पैसे जास्त आले तर परत करायचे, हे ज्याला दरवेळी नव्यानं ठरवावं लागतं, त्याच्याशी व्यवहार करायला आपण कचरतो. सद्गुण म्हणजे तरी काय? चांगुलपणा दोनवरून शून्यावर नेऊन ठेवणं. शिंगणापुरात दार नाही ते याच जोरावर.

पण त्याच शिंगणापुरात दुसरीही एक गोष्ट आपोआप चालत आली होती. शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला विचारून? परंपरेनं, आपोआप! २०१६ साली बायकांनी आंदोलन केलं, मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कायदा स्पष्ट केला, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. त्यानंतरही गावातल्या घरांना दारं बसली नाहीत. एक जुनी गोष्ट थांबवली म्हणून सगळं गाव बंद पडतं असं नाही, हे त्यातून दिसलं. तेव्हा प्रश्न आपोआप चांगलं की वाईट हा नव्हेच. कुठला आकडा कुणाला, आणि तो बदलायचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न आहे.

संगणकवाल्यांची यावरची रीत मला फार समंजस वाटली. आधी कोण कोण येतं ते कागदावर उतरवायचं. पुसायचं नाही, नुसतं थांबवायचं. शंका असलेल्यांपैकी निम्मे थांबवून यंत्र पुन्हा सुरू करायचं. दुखणं राहिलं तर उरलेल्या निम्म्यांत बघायचं, असं करत करत एकावर यायचं. आणि मूळ स्थितीकडे परतायची वाट शाबूत ठेवायची. आमच्या कित्येक समाजसुधारकांना आणि त्याहून जास्त समाजरक्षकांना ही रीत शिकवायला हवी. एक म्हणतो सगळं पुसा, दुसरा म्हणतो हात लावाल तर खबरदार. यादी करायला दोघांनाही सवड नसते.

मग प्रत्येक वेळी विचारावं का? तेही करून झालं आहे. २००७ साली विंडोजची व्हिस्टा नावाची आवृत्ती आली. ती काहीही करायला गेलं की पडदा काळवंडून विचारी, परवानगी आहे ना? लोक आठवड्याभरात इतके कावले, की न वाचताच ‘हो’ दाबू लागले. परवानगीच आपोआप होऊन बसली! एकदाच विचारून जन्मभर यायचं हे जसं खोटं, तसं दर मिनिटाला विचारायचं हेही खोटं.

याचं उत्तर मला अमेरिकेत नव्हे, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात सापडलं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हापासून तिथं घडलेल्या गोष्टी आता पाठ्यपुस्तकी झाल्या आहेत. पण मला त्यातली एकच फार आवडते. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, विहिरींत किती उतरलं. पिण्याचं आणि जनावरांचं आधी राखून ठेवायचं आणि उरेल त्यावर यंदा कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. गेल्या वर्षी घेतलं म्हणून यंदा आपोआप घ्यायचं, हे नाही. तहानलेल्या उसाला तर गावानं चारावरच टाकलं आहे. म्हणजे परवानगीला मुदत आहे: एक पावसाळा. रोज विचारून कुणी कावत नाही, आणि एकदा हो म्हटलं म्हणून विहीर कोरडी पडेपर्यंत बघत बसावंही लागत नाही.

आता आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. नाव मोठं आहे आणि हक्काचंही. अहिल्याबाईंचा जन्म इथल्याच चौंडीचा, १७२५ सालचा. पण स्टँडवर कंडक्टरला विचारताना तोंडातून ‘नगर’ निघतं. त्याला नवं नाव मानवत नाही असं नव्हे. जीभ माळ्यावरची जुनी प्रत खाली काढते, एवढंच. गंमत म्हणजे दोन्ही नावांत ‘नगर’ शाबूत असल्यामुळे कंडक्टरला तिकीट फाडताना काहीच अडचण येत नाही.

हिवरे बाजारचं बघून मीही ठरवलं आहे, की दर पाडव्याला घरातल्या आणि डोक्यातल्या आपोआपांची यादी मांडायची आणि प्रत्येकाला वर्षभराचाच आकडा द्यायचा. पहिली यादी केली. प्रिंटर ४. सकाळचा रेडिओ २. गणिताची भीती, वयाचा विचार करता, ३. यादी टेबलावर ठेवली, तर आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, आणि पेन्सिलीनं खाली एक ओळ वाढवली: ‘सकाळचा चहा. हा कोणी, कधी, कुणाला विचारून दोनवर टाकला?’

इतका मूलभूत प्रश्न नीतिशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात मी वाचलेला नाही. मी म्हटलं, “हा विषय ग्रामसभेपुढे ठेवू.”

“ठेवा की,” त्या म्हणाल्या.

आमच्या ग्रामसभेत एकूण मतं दोन आहेत. सभा येत्या रविवारी सकाळी आहे. चहाची व्यवस्था काय, ते अजून कळलेलं नाही.